टीममधल्या सगळ्यांच्या गिट सेटिंग्ज सारख्या ठेवायच्या तर कसं?

बाणेरची_आदिती | सोमवार, १०:४०

नमस्कार मंडळी,

बाणेरला आमचं लहानसं ऑफिस आहे, टीम अकरा जणांची. निम्म्यांकडे विंडोज, काहींकडे मॅक, दोघं उबुंटूवाले. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवायला गिट, आणि सगळे एकाच रिपॉझिटरीत (कोडच्या सामायिक साठ्यात) काम करतात. गेल्या आठवड्यात एका नव्या मुलाने एका फाइलमधल्या दोन ओळी बदलल्या आणि पुल रिक्वेस्टमध्ये (बदल तपासायला पाठवतात त्यात) अख्खी फाइल लाल-हिरवी झाली. खरा बदल कुठला ते रिव्ह्यू करणाऱ्याला दिसेना. त्या मुलाने काहीच वावगं केलं नव्हतं. त्याच्या लॅपटॉपवरून ओळींचा शेवट सीआरएलएफ (विंडोजची दोन अदृश्य अक्षरं) जात होता, बाकीच्यांचा एलएफ (एकच अक्षर).

मग बाकीचं तपासायला घेतलं. सर्व्हरवरचे बदल आणताना कुणाचं पुल मर्ज करतं (दोन्हीकडचे बदल जोडतं), कुणाचं रिबेस (आपले बदल त्यांच्यावर पुन्हा रचतं). तिघांच्या कमिटवर (नोंदवलेल्या बदलावर) ऑफिसचा नाही तर घरचा ईमेल. दोघांच्या मशीनवर हुक्सच (कमिट करताना आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्ट) नाहीत, त्यामुळे त्यांचा कोड लिंट (चुकांची आपोआप तपासणी) न होता येतो. विकीवर 'गिट असं सेट करा' असं पान आहे, पण रुजू झाल्याच्या दिवसानंतर ते कुणी उघडत नाही.

माझं मत असं की सगळ्यांची .गिटकॉन्फिग (गिटच्या सेटिंग्जची फाइल) एकच असावी, ती रिपॉझिटरीतच राहावी आणि क्लोन केल्याबरोबर (रिपॉझिटरीची प्रत उतरवल्याबरोबर) लागू व्हावी. पण गिट तसं करू देत नाही असं दिसतंय. तुमच्याकडे काय पद्धत आहे?

टर्मिनलतात्या | सोमवार, ११:०५

आदिती, तू चार निरनिराळे प्रश्न एकत्र बांधले आहेस आणि चारींना एकच औषध लागू पडणार नाही. आधी ओळींच्या शेवटाचं बघू, सगळ्यात जास्त तेच छळतं.

गिट फॉर विंडोज इन्स्टॉल करताना ओळींच्या शेवटाचं काय करायचं ते विचारलं जातं. कुणी एक पर्याय निवडतो, कुणी दुसरा, आणि तो कोअर.ऑटोसीआरएलएफमध्ये जाऊन बसतो. म्हणजे रिपॉझिटरीत काय शिरणार ते प्रत्येकाच्या लॅपटॉपवर ठरतं. ते ठरवायचा हक्क रिपॉझिटरीचा आहे. तिच्या मुळाशी .गिटॲट्रिब्यूट्स नावाची फाइल कर आणि पहिली ओळ लिही:

* टेक्स्ट=ऑटो

शेल स्क्रिप्टना ईओएल=एलएफ, बॅट फाइलींना ईओएल=सीआरएलएफ, चित्रांना आणि पीडीएफला बायनरी. ही फाइल कमिट होते, क्लोनबरोबर सगळ्यांकडे पोचते. मग कुणाचं ऑटोसीआरएलएफ काहीही असो, रिपॉझिटरीत एलएफच जातं.

आधीच सीआरएलएफने कमिट झालेल्या फाइली मात्र आपोआप सुधारत नाहीत. त्यांच्यासाठी एकदा 'गिट ॲड --रीनॉर्मलाइझ .' चालवून वेगळी कमिट कर. हा पर्याय २.१६ पासून आहे. त्या कमिटमध्ये दुसरं काहीही घालू नको.

खराडीचा_सम्या | सोमवार, ११:१९

तात्यांना +१. शेल स्क्रिप्टची ओळ तर लिहाच. विंडोजवर चेकआउट झालेली स्क्रिप्ट डॉकरच्या इमेजमध्ये (कंटेनर ज्यावरून उठतो त्या साच्यात) गेली की कंटेनर उठताना 'अशी फाइल नाही' म्हणतो. फाइल डोळ्यांसमोर असते! पहिल्या ओळीच्या शेवटी चिकटलेला सीआर दिसत नाही, आणि 'बिन/बॅश' या नावापुढे एक अदृश्य अक्षर असलेला इंटरप्रिटर लिनक्स शोधत बसतो. आमच्याकडे दोन शहाणी माणसं यावर अख्खी दुपार घालवून बसली होती.

मुळाकाठ | सोमवार, ११:४८

वाखुसा (वाचनखूण साठवली). पण आदितीच्या मूळ प्रश्नाचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही. क्लोनबरोबर कॉन्फिग का येत नाही? .गिटइग्नोर येते, .गिटॲट्रिब्यूट्स येते, मग कॉन्फिगनेच काय घोडं मारलंय?

निरंजन_पाषाण | सोमवार, १२:३०

@मुळाकाठ, कारण कॉन्फिगमधून कमांड चालवता येतात. कोअर.पेजर, कोअर.एसएसएचकमांड, कोअर.एफएसमॉनिटर आणि उद्गारचिन्हाने सुरू होणारे एलियस (कमांडची टोपणनावं), या सगळ्यांची किंमत म्हणजे थेट शेलची आज्ञा असते. कॉन्फिग क्लोनबरोबर आली असती तर अनोळखी रिपॉझिटरी उतरवून नुसतं 'गिट स्टेटस' केलं तरी कुणाचा तरी प्रोग्रॅम तुमच्या मशीनवर चालला असता. हुक्सही याच कारणाने येत नाहीत.

गिटने ही सीमा फार विचारपूर्वक आखली आहे. .गिटॲट्रिब्यूट्समध्ये तुम्ही 'या फाइलींना अमुक फिल्टर लावा' असं नाव लिहू शकता, पण त्या नावाने कुठली कमांड चालवायची ते प्रत्येकाच्या कॉन्फिगमध्येच असतं. एलएफएस (मोठ्या फाइली वेगळ्या ठेवायची सोय) वापरणाऱ्यांना हे ठाऊक असेल. ॲट्रिब्यूट रिपॉझिटरीत असूनही प्रत्येक मशीनवर एकदा 'गिट एलएफएस इन्स्टॉल' करावंच लागतं. नाही केलं तर मोठ्या फाइलीच्या जागी चार शब्दांची पॉइंटर फाइल हातात येते.

२०२२ च्या एप्रिलमध्ये २.३५.२ आली तीही याच काळजीपोटी. रिपॉझिटरीचा फोल्डर दुसऱ्या युजरच्या मालकीचा असेल तर गिट आता काम करायला नकार देतं, आणि तो फोल्डर सेफ.डिरेक्टरीमध्ये लिहावा लागतो.

जुना_शिलेदार | सोमवार, १:१५

सबव्हर्जनच्या (गिटसारख्याच जुन्या साधनाच्या) काळात हेच दुखणं होतं. ऑटो-प्रॉप्स (नव्या फाइलींना आपोआप लागणाऱ्या प्रॉपर्टी) प्रत्येकाच्या कॉन्फिग फाइलमध्ये असायचे. नवा माणूस आला की त्याच्या मशीनवर फाइल कॉपी करायची, आणि ज्याची राहिली त्याच्या फाइलींना ईओएल-स्टाइल लागायची नाही. शेवटी २०१३ मध्ये १.८ आवृत्तीत ऑटो-प्रॉप्स आणि दुर्लक्ष करायच्या फाइलींची यादी या दोन्ही गोष्टी फोल्डरवरच प्रॉपर्टी म्हणून लावायची सोय झाली. सर्व्हरवर एकदा लावलं की खालच्या सगळ्या फोल्डरांना लागू. ज्यांनी ती हाताने कॉपी करायची वर्षं काढली त्यांना ते वरदान वाटलं.

म्हणून आदितीताईंची मागणी मला अवाजवी वाटत नाही. टीमचा नियम टीमच्या रिपॉझिटरीत असावा ही अपेक्षा जुनी आणि योग्यच आहे.

हिंजवडी_फेज_दोन | सोमवार, १:४०

अहो, होतं की! रिपॉझिटरीत एक .गिटकॉन्फिग ठेवा आणि प्रत्येकाला एकदाच ही ओळ चालवायला सांगा:

गिट कॉन्फिग --लोकल इन्क्लूड.पाथ ../.गिटकॉन्फिग

हा पत्ता .गिट फोल्डरातल्या कॉन्फिगपासून मोजला जातो, म्हणून दोन टिंबं. त्यानंतर तुम्ही फाइल बदललीत की पुल केल्याबरोबर सगळ्यांना नवी सेटिंग मिळते. आमची पूर्ण टीम यावर चालते. निरंजन म्हणतात तो धोका अनोळखी रिपॉझिटरीचा आहे. स्वतःच्या टीमवर इतका अविश्वास कशाला? शिवाय एनपीएम इन्स्टॉल किंवा मेक चालवता तेव्हा रिपॉझिटरीतलाच कोड चालतो ना?

निरंजन_पाषाण | सोमवार, २:१०

@हिंजवडी_फेज_दोन, मुद्दा रास्त आहे, पण फरक आहे. मेक मी जाणूनबुजून चालवतो. एखाद्या फांदीवर (ब्रँचवर) शंका असेल तर ती फांदी बिल्ड न करता नुसती वाचतो. तुमच्या पद्धतीत फाइल वर्किंग फोल्डरमध्ये आहे, म्हणजे रिव्ह्यूसाठी फांदी चेकआउट केली की त्या फांदीवरची .गिटकॉन्फिग लागू झाली. अजून कुणी मान्य न केलेली, मर्ज न झालेली. पुढच्या 'गिट लॉग'ला तिच्यातला पेजर चालणार. बाहेरच्या कुणाची पुल रिक्वेस्ट तुमच्याकडे येत असेल, किंवा टीममधल्या एखाद्याचं खातं चोरीला गेलं, तर वाचायला म्हणून उघडलेली फांदीच घात करेल.

दुसरा, रोजचा त्रास. जुन्या फांदीवर गेलात की सेटिंग्जही जुन्या होतात. ती फाइल येण्याआधीच्या कमिटवर गेलात तर सेटिंग्जच गायब, आणि गिट त्याबद्दल चकार शब्द काढत नाही.

हिंजवडी_फेज_दोन | सोमवार, २:२६

जुन्या फांदीचा मुद्दा पटला. बायसेक्ट करताना (चूक कुठल्या जुन्या कमिटने आली ते शोधताना) हे घडलं असणार, आता लक्षात येतंय. मग तुमचा पर्याय काय?

निरंजन_पाषाण | सोमवार, २:५५

सामायिक सेटिंग्जची वेगळी, लहानशी रिपॉझिटरी करा. तिथे लिहायचा हक्क दोन-तीन जणांनाच. प्रत्येकाने ती होम फोल्डरमध्ये एकदा क्लोन करायची आणि स्वतःच्या ग्लोबल कॉन्फिगमध्ये इन्क्लूडइफ लिहायचं की कामाच्या फोल्डराखाली असू तेव्हाच ही फाइल घे. ही सोय २.१३ पासून, म्हणजे २०१७ पासून आहे. २.३६ पासून तर फोल्डरऐवजी रिमोटच्या पत्त्यावरूनही अट घालता येते. मग ज्याने त्याने कोड कुठेही ठेवावा, रिमोट कंपनीचा असेल तर कंपनीचा ईमेल लागतो. आदितीचा घरच्या ईमेलचा प्रश्न इथेच सुटतो.

जोडीला यूजर.यूजकॉन्फिगओन्ली ट्रू करा. मग ईमेल कॉन्फिगमध्ये लिहिलेला नसेल तर गिट मशीनच्या नावावरून अंदाजाने पत्ता बनवत नाही, कमिटच थांबवतं.

कोथरूडची_स्वरा | सोमवार, ३:२०

माझं मत थोडं वेगळं आहे आणि ते मनापासून मांडते. प्रत्येकाची कॉन्फिग सारखी करण्याचा ध्यासच चुकीचा वाटतो. माझे एलियस, माझा एडिटर, माझे डिफचे रंग, माझं रिबेस, ही माझी हत्यारं आहेत. वर्षानुवर्षं हाताला बसलेली. उद्या कुणी त्यावर टीमची फाइल ओतली तर माझं काम मंदावेल आणि कोडमध्ये काडीचाही फरक पडणार नाही.

सोसायटीचे नियम गेटवर लावावेत, प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात नाही. रिपॉझिटरीत काय शिरतं त्यावर बंधन हवं: ओळींचा शेवट, लेखकाचा ईमेल, लिंट, कमिटच्या संदेशाचा साचा. हे सगळं सर्व्हरवर तपासता येतं. हुक कितीही काळजीने वाटलेत तरी '--नो-व्हेरिफाय' लिहिलं की प्री-कमिट वगळला जातो, त्यामुळे शेवटचा पहारा सीआयमध्येच (पुश झाल्यावर सर्व्हरवर आपोआप चालणाऱ्या तपासणीतच) बसवावा लागतो. आणि तो तिथे एकदा बसवलात की लोक आपणहून स्थानिक हुक लावून घेतात. पुश करून दहा मिनिटांनी लाल खूण बघण्यापेक्षा आधीच कळलेलं कुणालाही बरंच वाटतं.

खराडीचा_सम्या | सोमवार, ३:३१

स्वरा, बाडिस (बाय डीफॉल्ट सहमत)! फक्त पुलचं काय? ते तर माझ्या मशीनवरच घडतं, पण 'मर्ज ब्रँच मेन' अशा कमिटींचा कचरा सगळ्यांच्या इतिहासात पडतो.

कोथरूडची_स्वरा | सोमवार, ३:४४

पुल.एफएफ ओन्ली. फांद्या वेगळ्या झाल्या असतील तर पुल थांबतं आणि माणूस स्वतः ठरवतो. २.३३ पासून तर काहीच सेट केलेलं नसेल तेव्हा गिट आपणहूनच थांबतं आणि मर्ज की रिबेस ते विचारतं. म्हणजे गिट अद्ययावत ठेवलं तरी अर्धं काम होतं.

पोथीवाला | सोमवार, ४:५०

थोडं अवांतर, पण आपल्या कामाचं. आम्ही काही मित्र जुन्या मराठी मजकुराचं टंकन करून गिटमध्ये ठेवतो, आणि फाइलींची नावं देवनागरीत देतो. नव्या माणसाला 'गिट स्टेटस'मध्ये नावाऐवजी \३४०\२४४ असे आकडे दिसतात आणि तो घाबरून फोन करतो. कोअर.कोटपाथ फॉल्स केलं की नावं नीट दिसतात. ही सेटिंग प्रत्येक मशीनवर करावी लागते, आणि मराठीत काम करणाऱ्या प्रत्येक टीमने ती पहिल्या दिवशी करावी असं माझं कळकळीचं सांगणं आहे. आपल्याच लिपीतली नावं आपल्याला वाचता येऊ नयेत हे बरोबर नाही.

दुसरी गोष्ट त्याहून चिवट. 'दुसऱ्या' या शब्दातला ऱ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एकसंध अक्षर म्हणून, किंवा साधा र आणि खाली नुक्ता असा जोडून. दिसायला तंतोतंत सारखे, बाइट वेगळे. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइल सिस्टीम नावं तोडूनच साठवायची. लिनक्सला मात्र ही दोन वेगळी नावं वाटतात. त्यामुळे 'दुसऱ्या_भागाची_सूची' नावाच्या दोन फाइली शेजारीशेजारी बसलेल्या आम्ही पाहिल्या आहेत. मॅकवर कोअर.प्रीकंपोजयुनिकोड ट्रू आहे ना, ते तपासा. क्लोन करताना गिट सहसा स्वतःच ते लावतं, पण कुणाच्या ग्लोबलमध्ये फॉल्स लिहिलेलं नाही ना, एवढं बघा.

मुळाकाठ | सोमवार, ५:०२

पोथीवाले, हा प्रतिसाद सोन्याचा आहे! ऱ मुळे बिल्ड मोडू शकतं हे आज कळलं. सगळ्या ऱ्हस्व-दीर्घवाल्या मित्रांना पाठवतो.

टर्मिनलतात्या | सोमवार, ५:०३

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे, दोनदा पडला)

चिंचवडचा_प्रशासक | सोमवार, ६:३५

आयटीच्या बाजूने सांगतो. कंपनीचे लॅपटॉप आम्हीच तयार करून देतो, त्यामुळे सिस्टीम पातळीची कॉन्फिग आमच्या हातात असते. लिनक्सवर ती ईटीसी फोल्डरात, विंडोजवर गिटच्या इन्स्टॉल फोल्डरातल्या ईटीसीमध्ये. ॲन्सिबलने (अनेक मशीन एकदम सेट करायच्या साधनाने) पाठवतो. सिस्टीम सगळ्यात खालची पातळी, तिच्यावर ग्लोबल, त्याच्यावर लोकल. म्हणजे स्वरासारख्यांना आपलं काही बदलायचं असेल तर ग्लोबलमध्ये लिहिलं की त्यांचंच चालतं. टीमचे बिनतक्रार डीफॉल्ट द्यायला यापेक्षा शांत जागा नाही.

एक सावधगिरी मात्र सगळ्यांसाठी. सामायिक फाइलीत नवी सेटिंग टाकण्याआधी टीममधलं सगळ्यात जुनं गिट कोणतं ते बघा. गिटला न कळणारी सेटिंग ते गुपचूप सोडून देतं, पण ओळखीच्या सेटिंगची न कळणारी किंमत दिसली तर अडून बसतं. मर्ज.कॉन्फ्लिक्टस्टाइलला झेडडिफ३ हे मूल्य २.३५ मध्ये आलं आणि उबुंटू २२.०४ बरोबर २.३४.१ मिळतं. एकाने हौसेने ते सगळ्यांना पाठवलं आणि उबुंटूवाल्यांचं मर्ज बंद पडलं. एका आवृत्तीचा फरक, पण सकाळ त्यातच गेली.

आणि कुणाकडे काय लागू आहे यावर वाद घालू नका. 'गिट कॉन्फिग --लिस्ट --शो-ओरिजिन --शो-स्कोप' चालवायला सांगा. प्रत्येक सेटिंग कुठल्या फाइलीतून, कुठल्या पातळीवरून आली ते समोर येतं. मदतीला येणाऱ्याकडून मी आधी हेच मागवतो.

जुना_शिलेदार | सोमवार, ७:१०

@चिंचवडचा_प्रशासक, उत्तम माहिती. लोक स्वतःचा लॅपटॉप वापरतात अशा लहान टीमला मात्र हे जमणार नाही, तिथे निरंजनरावांची वेगळी रिपॉझिटरीच बरी.

बाणेरची_आदिती | मंगळवार, ९:५०

सगळ्यांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी टीमबरोबर बसले आणि हा धागा सगळ्यांसमोर उघडला. एकच .गिटकॉन्फिग सगळ्यांवर लादायचा आग्रह सोडला आहे. स्वराचं म्हणणं आमच्या मॅकवाल्यांनी टाळ्या वाजवून उचलून धरलं.

ठरलं ते असं. .गिटॲट्रिब्यूट्स आणि .एडिटरकॉन्फिग (एडिटरच्या सामायिक सेटिंग्जची फाइल) रिपॉझिटरीत. लिंट आणि ईमेलची तपासणी सीआयमध्ये. ईमेल, पुल आणि कोटपाथ यांच्यासाठी निरंजनने सुचवलेली लहान रिपॉझिटरी, त्यात मोजक्याच ओळी. आमच्याकडे देवनागरी नावाच्या चाचणी फाइली आहेत, त्यामुळे पोथीवाल्यांची सूचना फारच वेळेवर आली. हुक्स लावायला एक सेटअप स्क्रिप्ट, जी काय बदलणार ते आधी दाखवते आणि विचारून मगच लिहिते.

आता अडलंय ते तात्यांच्या रीनॉर्मलाइझपाशी. आमच्या बऱ्याच पुल रिक्वेस्ट उघड्या आहेत. ती मोठी कमिट मेनवर गेली की सगळ्यांना कॉन्फ्लिक्ट (बदलांची टक्कर) येणार ना? आणि मग ब्लेममध्ये (कुठली ओळ कुणी बदलली ते दाखवणाऱ्या कमांडमध्ये) प्रत्येक ओळीवर माझंच नाव दिसणार?

टर्मिनलतात्या | मंगळवार, १०:२०

दोन्हीला उपाय आहे. कॉन्फ्लिक्टसाठी मर्ज करताना 'गिट मर्ज -एक्स रीनॉर्मलाइझ' वापरा. तिन्ही बाजूंच्या फाइली आधी एकसारख्या करून मगच गिट त्यांची तुलना करतं, त्यामुळे केवळ ओळीच्या शेवटामुळे होणारे कॉन्फ्लिक्ट गळून पडतात. तरी शक्य तेवढ्या पुल रिक्वेस्ट आधी मर्ज करून घ्या, आणि हे काम शुक्रवारी संध्याकाळी काढू नका.

पुन्हा सीआरएलएफ शिरू नये म्हणून सीआयमध्ये एक पायरी टाका: रीनॉर्मलाइझ चालवा, मग 'गिट डिफ --कॅश्ड --एक्झिट-कोड'. काही बदल निघाला तर बिल्ड नापास. कुठली फाइल दोषी ते बघायला 'गिट एलएस-फाइल्स --ईओएल'. रिपॉझिटरीत काय आहे, फोल्डरात काय आहे आणि ॲट्रिब्यूट काय म्हणतो ते तिन्ही एका ओळीत दिसतं.

ब्लेमसाठी २.२३ पासून ब्लेम.इग्नोररेव्ह्जफाइल आहे. .गिट-ब्लेम-इग्नोर-रेव्ह्ज नावाची फाइल मुळाशी ठेवून त्यात त्या कमिटचा पूर्ण हॅश (ओळख क्रमांक) लिहायचा. गिटहब हे नाव आपोआप ओळखतं, प्रत्येकाच्या मशीनवर मात्र सेटिंग करावी लागते.

हिंजवडी_फेज_दोन | मंगळवार, १०:३८

यात एक भर. ही सेटिंग ग्लोबलमध्ये किंवा त्या सामायिक फाइलीत टाकू नका. ज्या रिपॉझिटरीत ती फाइल नसेल तिथे गिट ब्लेम फाइल उघडता येत नाही म्हणून थेट बंद पडतं. तुमच्या सेटअप स्क्रिप्टमधून त्या एकाच रिपॉझिटरीच्या लोकलमध्ये लिहा.

बाणेरची_आदिती | मंगळवार, १०:४५

स्क्रिप्टमध्ये टाकते. हॅश त्याच पुल रिक्वेस्टमध्ये लिहिला तर चालेल का?

टर्मिनलतात्या | मंगळवार, १०:५२

नाही. तुम्ही स्क्वॉश करून (सगळ्या कमिटींची एकच कमिट करून) मर्ज करत असाल तर मेनवर हॅश बदलतो आणि फाइलीतला हॅश कशालाच लागू होत नाही. आधी रीनॉर्मलाइझची कमिट मेनवर जाऊ दे, मग मेनवरचा हॅश उचलून दुसऱ्या छोट्या पुल रिक्वेस्टने ती फाइल टाक.